दुपारी उड्या मारणारा कर्सर: टचपॅड पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर आधी काय बघावं

गेल्या एप्रिलमधली ११ तारीख. जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस, दुपारचे तीन वाजलेले, बाहेर ४२ अंश. मी सोलापुरातल्या सात-आठ लहान टॉवेल कारखान्यांचे हिशोब घरी बसून बघतो. एका बिलात टॉवेलचा एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, ६३०२ टाकला आणि बघतो तर तो रकमेच्या रकान्यात जाऊन बसलेला. पुसला, परत टाकला. तोवर कर्सर आपल्या मनानं वरच्या ओळीवर जाऊन टिचकी मारून आला. माझा हात मांडीवर, आणि पडद्यावरचा बाण गड्ड्याच्या जत्रेत चुकलेल्या पोरासारखा इकडून तिकडं पळतोय.

हे पहिल्यांदा झालं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. त्याआधीच्या दोन्ही उन्हाळ्यांत हेच झालं होतं. पहिल्या वर्षी लॅपटॉप दुकानात दिला, त्यांनी फॉरमॅट मारून दिला. दुसऱ्या वर्षी टचपॅडच बदलला. गंमत म्हणजे दोन्ही वेळा दुकानातल्या टेबलावर लॅपटॉप शहाण्या पोरासारखा वागायचा, घरी आणला की पुन्हा अंगात यायचं. मग जून उजाडायचा आणि सगळं ठीक व्हायचं. दुरुस्ती लागू पडली असं मी समजत होतो. प्रत्यक्षात फक्त पाऊस पडला होता.

तिसऱ्या वर्षी मी एकाही सेटिंगला हात लावला नाही. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखले: किती वाजता, चार्जर लावलेला की काढलेला, माउस जोडलेला का, आणि घरात आणखी काय चालू होतं. हा चौथा रकाना मी उगाच, पान रिकामं दिसू नये म्हणून आखला होता. उत्तर त्यातच निघालं.

तीन दिवसांत एवढं कळलं की चार्जर काढला की कर्सर गप्प बसतो. सकाळी चार्जर लावलेला असला तरी गप्पच. दंगा फक्त दुपारी. चौथ्या दिवशी आईनं कूलरमध्ये पाणी भरायला कूलर बंद केला, आणि त्याच क्षणी कर्सर जागेवर थांबला. पाणी भरून बटण दाबलं, कर्सर परत नाचायला लागला. मी आईला तीनदा बटण चालू-बंद करायला लावलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "तू लॅपटॉप दुरुस्त करतोयस का माझी परीक्षा घेतोयस?"

कूलरचा आणि टचपॅडचा काय संबंध, हे समजायला टचपॅड चालतो कसा ते थोडं बघावं लागतं. त्या गुळगुळीत पट्टीखाली बारीक वाहक रेषांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जागेची विद्युत धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, किंचित बदलते, आणि आतली चिप तो बदल मोजून बोट कुठं आहे ते ठरवते. दाब बिब काही मोजत नाही, म्हणूनच पेनाचं टोपण किंवा नख टेकवून बाण हलत नाही. हे मोजमाप इतकं नाजूक असतं की लॅपटॉपचं अंग आणि तुमचं अंग यांच्यात विजेचा फरक खाली-वर व्हायला लागला तर चिपला नसलेली बोटं दिसू लागतात. लॅपटॉपच्या अंगात वीज उतरायला वाट असते ती चार्जरची. आणि आपल्याकडं माणूस बसतो कसा, तर अनवाणी पाय शहाबादी फरशीवर, तीही नुकतीच ओल्या फडक्यानं पुसलेली. म्हणजे तुम्ही स्वतः जमिनीला छान जोडलेले, आणि लॅपटॉप मात्र अधांतरी.

गल्लीतल्या जुन्या वायरमनला बोलावलं. आम्ही त्यांना अण्णाच म्हणतो. त्यांनी मल्टीमीटरची एक तार सॉकेटच्या न्यूट्रलला, म्हणजे वीज परत जाणाऱ्या तारेच्या भोकाला, आणि दुसरी वरच्या मोठ्या भोकाला, म्हणजे अर्थला लावली. कूलर बंद असताना २ व्होल्ट. कूलर लावल्यावर ३८.

"अर्थिंगचा खड्डा कुठाय?"

मागच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडं, सिमेंटच्या झाकणाखाली. झाकण उचललं तर आत भाजलेल्या मुरुमासारखी कोरडी माती आणि गंजून अर्धी झालेली तार.

"ह्याला पाणी कधी घातलं होतं?"

मी आठवायला लागलो. अण्णाच म्हणाले, "राहू दे. खड्डा तुझ्या आजोबांनी केला, पाणीपण त्यांनीच घातलं असंल."

घडत होतं ते असं. कूलरचा पाण्यातला पंप जुना झालेला, त्यातून थोडी वीज कूलरच्या लोखंडी अंगात गळत होती. ती अर्थच्या तारेतून खड्ड्यात जाऊन मुरायला हवी. पण उन्हाळ्यात खड्डा वाळला की मातीचा विरोध वाढतो, वीज मुरत नाही आणि घरातली सगळी अर्थची तारच काही व्होल्टनी उचलली जाते. त्याच तारेला माझ्या चार्जरची तिसरी पिन जोडलेली. म्हणजे कूलरची गळती चार्जरवाटे लॅपटॉपच्या अंगापर्यंत येत होती. पावसाळ्यात खड्डा ओला, कूलर माळ्यावर, आणि माझा टचपॅड "दुरुस्त".

अण्णांनी आधी मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. त्यानंतर कूलर लावला तर तो खटकन पडला. चोर सापडला. पंप बदलला, खड्ड्यातली तार आणि नट नवीन टाकले, मीठ-कोळसा भरून चार बादल्या पाणी घातलं. मीटरवर कूलर चालू असताना दीड व्होल्ट. त्या दिवसापासून कर्सर आपल्या मनानं जागचा हललेला नाही. टचपॅडचं सोडा, त्या कूलरला ओल्या हातानं कुणी धरलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला रात्री झोपताना आला.

तुमच्या घरी नेमकं हेच असेल असं नाही. पण कर्सर स्वतःहून उडत असेल तर सेटिंग उघडायच्या आधी हे करून बघा. चार्जर पूर्ण काढून दहा-पंधरा मिनिटं बॅटरीवर काम करा. उड्या थांबल्या तर दोष लॅपटॉपच्या बाहेर आहे असं धरून चाला. मग तोच चार्जर दुसऱ्याच्या घरी, जिथलं वायरिंग नवीन आहे तिथं लावून बघा. तिथं ठीक चालला तर दोष तुमच्या भिंतीत. तिथंही उडाला तर चार्जरात, आणि मग त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा दुसरा चार्जर मागून लावून बघायचा. पाय रबरी चपलेत किंवा स्टुलावर घेऊन बघा, तेवढ्यानं फरक पडत असेल तर अर्थिंगचाच प्रश्न आहे, फार शोधत बसू नका.

बऱ्याचदा भिंतीपर्यंत जायचीही गरज नसते, एक्स्टेंशन बोर्डच नकली असतो. वरून तीन भोकं दिसतात, आतून वायर दोन तारांची. तिसऱ्या भोकाला मागं काहीच नसतं. माझ्या मेहुण्याच्या घरी हेच निघालं. चार्जर थेट भिंतीत लावला आणि दोन महिन्यांचं दुखणं दोन मिनिटांत गेलं. तीन पिनच्या चार्जरला दोन पिनचा अडॅप्टर लावायची सवय असेल तर तिथंही तीच गत.

मुळातच दोन पिनचा चार्जर असेल तर लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवताना हलक्या झिणझिण्या येतात. चार्जरच्या आत गोंगाट दाबायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा प्रवाह येतो. चांगल्या चार्जरचा तो प्रवाह धोक्याचा नसतो, पण टचपॅडला छळायला पुरतो. टेस्टर लावला तर तोही मंद पेटतो आणि घरातले घाबरतात. अशा लॅपटॉपला, त्याच कंपनीचा तीन पिनचा चार्जर मिळत असेल तर तो घ्यावा, नाहीतर चार्जिंग चालू असताना माउस वापरावा. स्वस्तातला बिनमार्काचा चार्जर मात्र टाकूनच द्या, त्यातल्या कपॅसिटरचा भरवसा नाही.

आणि एक जुगाड कुणी सुचवेल, तो चुकूनही करू नका: सॉकेटमध्ये तारेच्या तुकड्यानं न्यूट्रल अर्थला जोडणं. मीटरवर सगळं छान दिसतं, कर्सरही शांत होतो. पण कधी न्यूट्रल मागं तुटला तर घरातल्या फ्रिजपासून लॅपटॉपपर्यंत प्रत्येक धातूच्या अंगात २३० व्होल्ट येतात. नळाला अर्थ जोडणंही आता निरुपयोगी आहे, कारण पाइप प्लास्टिकचे झाले.

चार्जर काढूनही उडत असेल तर

मग लॅपटॉपकडं वळा. पण अजून दुकानाकडं नाही.

पहिलं, हात. उन्हाळ्यात तळहाताला घाम येतो आणि टचपॅडवर ओलाव्याचा पातळ थर बसतो, तो थर चिपला बोटासारखाच दिसतो. शेंगाचटणीचं तेल तर त्याहून चिवट. मी भाकरी खाता खाता बिलं तपासतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हे अनुभवानं सांगतोय. लॅपटॉप बंद करून किंचित ओलसर मऊ फडक्यानं पट्टी पुसायची आणि कोरड्यानं टिपायची. थेट पट्टीवर काही फवारायचं नाही.

दुसरं, टाइप करताना अंगठ्याचा उंचवटा टचपॅडला घासतो आणि कर्सर भलत्या ओळीत जातो. हा प्रकार आणि वरचा प्रकार लोक एकच समजतात. ओळखायची खूण सोपी आहे: हात पूर्ण उचलून बसल्यावर कर्सर शांत असेल आणि फक्त टाइप करतानाच उडत असेल, तर दोष तुमच्या तळहाताचा. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड असं जा. तिथं टॅप्स उघडलं की टचपॅड सेन्सिटिव्हिटी दिसते, ती 'लो'वर ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही तर एका बोटाच्या टिचकीनं क्लिक होण्यापुढची टिकची खूण काढून टाका आणि पट्टी खाली दाबूनच क्लिक करा. पहिले दोन दिवस बोट कुरकुर करतं, मग सवय होते. आकड्यांचं काम करणाऱ्या प्रत्येकानं ही खूण काढावी असं माझं मत आहे. एक शून्य दुसऱ्या रकान्यात गेलं की पुढचा महिनाभर नोटिशीला उत्तरं देत बसावं लागतं.

विंडोज १०मध्ये हेच पान डिव्हायसेसखाली होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपल्यावर खूप जण ११वर आले, आणि "टचपॅडचं सेटिंगच गायब झालं" म्हणणारे त्यातलेच. गायब नाही झालं, फक्त घर बदललं. त्याच पानावर दोन बोटांनी सरकवायची दिशाही बदलता येते. पान उलटं पळायला लागलं म्हणून कुणी लॅपटॉप दाखवायला आणला की मला हसू आवरत नाही, पण मीही एकदा अख्खा दिवस उलटंच सरकवत बसलो होतो.

टचपॅड अजिबातच चालत नाही

भाची परीक्षेच्या आदल्या रात्री रडत आली होती, "मामा, टचपॅड मेला." लॅपटॉपच्या बाजूला बिनतारी माउसचा नखाएवढा रिसीव्हर खोचलेला होता आणि माउस हॉस्टेलवर. टचपॅडच्या पानावर 'माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा' अशा अर्थाची एक खूण असते. ती काढलेली असेल तर रिसीव्हर दिसला की विंडोज टचपॅड बंद करतं. माउस हातात आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रिसीव्हर उपटला, टचपॅड जिवंत. ही खूण लावूनच ठेवा.

ते नसेल तर वरच्या एफ-बटणांच्या रांगेत टचपॅडचं चित्र असलेलं बटण शोधा. एफएन धरून ते एकदा दाबा. आवाज वाढवताना चुकून तेच दाबलं गेलेलं असतं. काही जुन्या लॅपटॉपांवर पट्टीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका असतो, त्यावर दोनदा टिचकी मारली की टचपॅड चालू-बंद होतो.

त्यानंतर रीस्टार्ट करा. शटडाऊन नाही, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, थोडं झोपून राहतं, आणि अडकलेला ड्रायव्हर, म्हणजे टचपॅड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, सकाळी तसाच अडकलेला उठतो. रीस्टार्टनं तो नव्यानं सुरू होतो. तरी नाही उठला तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग नेहमीसारखा चालू करा. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथपर्यंत मिटतात.

अपडेटनंतर लगेच बंद पडला असेल तर ड्रायव्हर बघा. हे सगळं माउसशिवाय कसं करायचं, ही खरी अडचण. विंडोजचं बटण आणि एक्स दाबा, मग एम दाबा. डिव्हाइस मॅनेजर उघडतो. टॅब आणि बाणांच्या बटणांनी फिरायचं, उजव्या बाणानं फांदी उघडायची, एंटर मारायचं. टचपॅड बहुधा 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस'खाली आय-टू-सी एचआयडी नावानं असतो, नाहीतर 'माइस'च्या फांदीखाली. तिथं पिवळा त्रिकोण दिसला तर गुणधर्मांच्या (प्रॉपर्टीज) खिडकीत ड्रायव्हरच्या पानावर रोल बॅक, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणायचं बटण, आहे का बघा. नसेल तर ते उपकरण अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज ते पुन्हा शोधून बसवतं. त्यानंही जमलं नाही तर लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर बघून फक्त त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका, त्यातून नवी दुखणी घरात येतात.

कीबोर्डावर आकड्यांचा वेगळा गठ्ठा असेल तर आणखी एक सोय आहे. डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबा, एक खिडकी विचारेल, तिला हो म्हणा. मग आकड्यांच्या बटणांनी बाण हलतो आणि ५ दाबलं की क्लिक. मुंगीच्या पावलानं जातो, पण ११ तारखेला मुंगीही चालते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये टचपॅड दिसतच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तो बंद केलेला आहे का बघा. तिथंही चालू असून दिसत नसेल, तर आतली पट्टीची केबल सुटली असण्याची शक्यता मोठी. आता दुकानात जा.

दुकानात लगेच, आजच जायचं असं एकच कारण आहे: टचपॅड वर फुगून आला असेल, क्लिक दाबला जात नसेल, झाकण नीट मिटत नसेल. हा टचपॅडचा दोष नाही, खालची बॅटरी फुगली आहे. सोलापूरच्या उन्हात दिवसभर चार्जरला लावलेल्या लॅपटॉपात हे मी दोनदा पाहिलंय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर अजिबात नका. लिथियमची बॅटरी आहे, पेटली तर विझवणं अवघड.

माउसचं

माउसचं दुखणं त्यामानानं भाबडं. खालच्या भोकात दिवा असतो आणि एक छोटा कॅमेरा, तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराच्या वर फोटो काढून आधीच्या फोटोशी ताडून बघतो. काचेच्या टेबलावर फोटोत काहीच दिसत नाही, म्हणून बाण अडतो. आपली चादर पलंगावर ताणून अंथरलेली असेल तर माउस झकास चालतो. टॉवेलवर नाही चालत, कारण टॉवेलच्या उभ्या फासांमुळं कॅमेऱ्याचं अंतर सारखं बदलतं आणि बाण थरथरतो. टॉवेलच्या व्यापाऱ्यांच्या टेबलावर माउसपॅड म्हणून नमुन्याचा टॉवेलच पसरलेला असतो, त्यांना हे सांगून मी दमलो.

लूमजवळ ऑफिस असेल तर दर आठवड्याला माउस उलटा करून बघा. सुताची तूस त्या भोकात जाऊन बसते, आणि एवढ्याशा तंतूनंही बाण गोल गोल फिरतो. फुंकर मारा, न निघाली तर कानाच्या कापसाच्या काडीनं हळूच काढा. बिनतारी माउस अडखळत असेल तर रिसीव्हर बघा कुठं खोचलाय. यूएसबी ३ची पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असताना तिच्या आसपास २.४ गिगाहर्ट्झचा गोंगाट होतो आणि माउसही त्याच लहरींवर बोलतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूला लावा. एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होत असेल तर आतलं बटण झिजलंय, सेटिंगनं काही होणार नाही. नवीन घ्या.

यंदा फेब्रुवारी सरताच अण्णा स्वतःहून आले, मीटर लावून ३ व्होल्ट बघितले आणि खड्ड्यात दोन बादल्या ओतून गेले. आईनं कूलरच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलनं तारीख लिहून ठेवलीय, पुढच्या बादलीची.